सॅडलबॅगेत नेमकं किती किलो भरायचं?

प्रश्न : दादा, बाईकच्या सीटच्या दोन्ही बाजूंना लटकवायची सॅडलबॅग घेतली, दोन्ही बाजू मिळून ६० लिटरची. दुकानदार म्हणाला कितीही भरा, काही होत नाही. खरंय का?

दुकानदाराचं काय जातंय! लिटर म्हणजे जागा हो, वजन नाही. तेवढ्याच जागेत कपडे भरले तर दहा-बारा किलो होतील आणि पाणी, नटबोल्टचे पाने, चेनला लावायचं लुब असलं काही कोंबलं तर तीसच्या पुढे जाईल. बीएमडब्ल्यू आपल्या जीएस बाईकच्या ॲल्युमिनियम पेटीला १० किलोची मर्यादा देते, मग आपल्या साडेतीनशे सीसीवर लटकवलेल्या कापडी बॅगेचा विचार करा. माझा हिशोब असा, की मजबूत स्टे (बॅगेला आधार देणारी लोखंडी चौकट) असेल तर एका बाजूला सात-आठ किलो, नुसती सीटवरून टाकलेली असेल तर पाच. स्टेवर किंवा मॅन्युअलमध्ये यापेक्षा कमी लिहिलं असेल तर तेच खरं.

प्रश्न : मी आणि मिसेस दोघं कोकणात जाणार. मग बॅगेत किती?

आधी मॅन्युअल काढा. त्यात ग्रॉस वेट (माणसं-सामानासकट गाडीला चालणारं जास्तीत जास्त वजन) आणि कर्ब वेट (पेट्रोल-ऑइल भरलेल्या नुसत्या गाडीचं वजन) असतं, वजाबाकी करा. समजा ३६० आणि १९० आहे, म्हणजे हातात १७०. तुम्ही ७८, वहिनी ६२, झाले १४०. दोघांची हेल्मेटं, जॅकेटं, बूट मिळून दहा-बारा सहज, स्टे आणि रिकाम्या बॅगा धरून आणखी सहा-सात. सामानाला राहिले जेमतेम बारा किलो! लोक इथेच फसतात, कारण अंगावरचं वजन कुणी मोजतच नाही. मागच्या टायरची हवा पिलियनवाल्या (मागे माणूस बसवताना द्यायच्या) आकड्यावर ठेवा आणि मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) एक-दोन खाच वाढवा.

प्रश्न : ऐंशीच्या पुढे गेलं की हँडल थरथरतं, सीटमागे टॉप बॉक्स (सामानाची पेटी) लावल्यापासून.

बॉक्स मागच्या ॲक्सलच्याही मागे आणि उंच, त्यामुळे पुढचं चाक हलकं होतं. जड सामान बॅगेत खाली आणि सीटच्या जवळ आणा, बॉक्समध्ये रेनकोट, चार्जर एवढंच. डावं-उजवंही सारखं हवं. मी एकदा सावंतवाडीहून नऊ किलोचा फणस डाव्या बॅगेत टाकला, उजवीकडे नुसता टॉवेल आणि दोन टी-शर्ट. आंबोली घाट चढेपर्यंत गाडी डावीकडे ओढत होती, वर थांबून बघतो तर स्टेचा बोल्ट अर्धा बाहेर आलेला! चालताना थरथर आलीच तर जोरात ब्रेक मारू नका, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) हळूहळू सोडा, हँडल आवळून धरू नका. बॉक्स काढूनही थरथर राहिली तर स्टीअरिंगचं बेअरिंग आणि टायर दाखवून घ्या.

प्रश्न : उजवी बॅग सायलेन्सरला लागून वितळली.

हीट शील्ड लावा, किंवा बॅग वर ओढून पट्टा आवळा. भरल्यावर बॅग खाली लोंबते, म्हणून ट्रायल भरलेल्या बॅगेवरच घ्या, रिकाम्या नाही.

प्रश्न : मनाली-लेहला पेट्रोलचे कॅन बॅगेत ठेवू का?

बॅगेत नकोच, कपड्यांना वास लागतो आणि उजवीकडे सायलेन्सर तापलेला असतो. पाच लिटर पेट्रोल म्हणजे पावणेचार किलो, दोन कॅन झाले की साडेसात. टाकीशेजारच्या पुढच्या रेलवर (लोखंडी दांड्यांवर) एकेक बाजूला बांधा, आणि टाकीत पाच लिटरची जागा झाली की पहिला कॅन तिथेच रिकामा करा.