आधी डब्याबद्दल लिहा

वडिलांवर लिहायचंय आणि पहिल्याच ओळीला अडताय, असं बहुतेकांचं होतं. अख्खं आयुष्य मांडायला बसू नका, एक वस्तू धरा. माझे वडील मुंबईत गिरणीत होते. १९८२च्या संपावर मी चार पानं खरडली, सगळी वर्तमानपत्री. मग त्यांच्या डब्याबद्दल लिहिलं. संप सुरू झाल्यावरही आई महिनाभर तो रोज घासून फळीवर पालथा घालायची. तिथून हात मोकळा झाला.

सध्या एवढंच सांभाळा:

- 'प्रेमळ', 'कष्टाळू' नको. ते शब्द श्रद्धांजलीच्या फलकावर ठीक. वडील काय करायचे ते लिहा.
- आभार नेमके माना. 'आमच्यासाठी सगळं केलं' यात काहीच दिसत नाही, फीसाठी मोडलेली अंगठी दिसते.
- भांडणं गाळू नका. नवशिके हटकून गाळतात, आणि मग वडिलांचा नुसता हार घातलेला फोटो उरतो.

रोज पंधरा मिनिटं पुरे. रडू आलं तर उठा, चहा टाका, पण पान फाडू नका. (मी फाडलंय, अजून हळहळतो.) रचना, शेवट वगैरे नंतर बघू. आणि भावंडांना इतक्यात वाचायला देऊ नका, ती तारखाच दुरुस्त करत बसतात.