सध्या लोक कोणते फँटसी आरपीजी खेळतायत, आणि रोज तासभरच मिळत असेल तर त्यातला कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय, विचर ३ हा आरपीजी, म्हणजे एखादं पात्र बनून खेळायचा गेम, अर्ध्यावर सोडून चार वर्षं झाली, आता रात्री सगळं शांत झाल्यावर जेमतेम तासभर मिळतो, तर लोक सध्या काय खेळतायत आणि त्यातलं तुम्हाला काय झेपेल. यातला 'झेपेल' हा शब्द महत्त्वाचा. चांगल्या गेमांचा तुटवडा नाही, तुटवडा तासांचा आहे. माझंही रडगाणं तेच. म्हणून गेली दोन-तीन वर्षं गेम एकूण किती तासांचा आहे हे बघणं मी सोडून दिलंय. एका बैठकीत, त्या एका तासात, काही घडतं का, एवढंच बघते.

आधी हवा कशाची आहे ते सांगते. द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम म्हणून २०२२ मध्ये एल्डन रिंग निवडला गेला, २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ आणि २०२५ मध्ये क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३. चार वर्षांत तीनदा तलवार-जादूवाला आरपीजी! एकेकाळी आमच्यासारख्यांना 'अजून ड्रॅगनच मारतेस का गं?' असं ऐकावं लागायचं. त्यात २००६चा जुना ऑब्लिव्हियन नवं रूप घेऊन परतला. २२ एप्रिल २०२५ ला जाहीर झाला आणि त्याच दिवशी विक्रीलाही आला. दोनच दिवसांनी एक्स्पिडिशन ३३ आला. त्या आठवड्यात माझ्या फ्रेंड लिस्टमधले निम्मे लोक एकात गडप होते आणि उरलेले दुसऱ्यात.

तरीही सगळ्यांच्या तोंडी अजून बाल्डर्स गेट ३ आहे, आणि ते उगाच नाही. लॅरियन या बेल्जियन स्टुडिओने तो डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर उभा केलाय. कुलूप उघडायचं असो, कुणाची समजूत घालायची असो की धडधडीत खोटं बोलायचं असो, पडद्यावर वीस बाजूंचा फासा गडगडत येतो आणि काय ते ठरवतो. सुरुवातीच्या भागातच ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू जाणणाऱ्या, लोकांचं वनातलं एक ठाणं लागतं. तिथे आसऱ्याला आलेल्या टीफ्लिंग या शिंगवाल्या जमातीपैकी अराबेला नावाची एक लहान मुलगी पवित्र मूर्ती चोरताना पकडली गेलेली असते, आणि कागा नावाची ड्रुइड तिच्यासमोर साप घेऊन उभी असते. मी समजूत घालायला पुढे झाले. माझं पात्र बोलण्यात पटाईत, वरून सोबतिणीने गायडन्सचा मंत्र टाकलेला, म्हणजे फाशात आणखी भर. फासा फिरला आणि १ वर थांबला. १ पडला की भर-बिर काही कामाला येत नाही, सरळ नापास. डाव पुन्हा टाकायला इन्स्पिरेशनचा एकही पॉइंट जवळ नव्हता. पोरगी पळायला गेली, सापाने झेप घेतली, आणि संपलं. बाहेर तिचे आईवडील वाट बघत होते.

मी एफ८ दाबलं. एफ५ ने सेव्ह करायचं, एफ८ ने मागे जायचं; ही दोन बटणं तुम्हालाही लवकरच पाठ होतील. दुसऱ्या खेपेला १७ पडला, मुलगी सुटली, आणि गंमत म्हणजे मला काहीच वाटलं नाही. मघाशी छातीत जे धस्स झालं होतं तेवढंच त्या रात्रीचं खरं होतं. तेव्हापासून हा गेम मी मागे न फिरता खेळते. चुका होतात, माणसं मरतात, माझ्यावरची लोकांची मर्जी उडते, आणि गोष्ट त्या चुका पोटात घेऊन पुढे जाते. एखाद्या गेमने आपल्या अपयशासाठी इतके वेगळे संवाद लिहून ठेवलेले मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

पण तासाभराचा हिशोब इथे जमत नाही. लढाया टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने खेळायच्या आहेत. गॉब्लिनांच्या छावणीत एकदा वातावरण तापलं की तीसेक जणांची पाळी येईपर्यंत तुमचा तास गेलेला असतो. लढाईच्या मधोमध सेव्ह करता येतं, पण चार दिवसांनी परत आलात की कुणाकडे कुठला मंत्र उरलाय हे आठवण्यातच दहा मिनिटं जातात. माझ्या लेखी हा सुट्टीच्या दिवशी तीन-चार तास बसून खेळायचा गेम. एप्रिल २०२५ मध्ये त्याचा आठवा आणि शेवटचा मोठा पॅच (अपडेट) आला, त्यात १२ नवे सबक्लास, म्हणजे पात्र घडवायचे उपप्रकार मिळाले, त्यामुळे आता घेणाऱ्याला भरलेलं ताट मिळतं. घेतलाच तर रस्त्यात मेलेल्या मालकाशेजारी बसलेला एक कुत्रा दिसेल. घाई करू नका, त्याला तुमचा हात हुंगू द्या. पुढे तो आपणहून छावणीवर येतो.

एल्डन रिंगची तऱ्हा उलटी. पहिलं दार उघडून बाहेर पडलात की समोर गवताळ मैदान, आणि तिथे सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार गस्त घालत असतो. पहिला शत्रू म्हणजे सोपा असणार असं समजून मी त्याच्या अंगावर गेले. अख्खी संध्याकाळ मरत राहिले. मग लक्षात आलं की त्याला वळसा घालून सरळ निघून जाता येतं, आणि हाच त्या गेमचा पहिला धडा आहे. पुढे घोडा मिळाला, तलवार सुधारली, आठवड्याने परत जाऊन तिसऱ्या प्रयत्नात त्याला लोळवला. तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. इथे एका तासात कागदावर काहीच होत नाही, बोटं तेवढी शिकतात. तुम्हाला दिवसभर डोक्याला ताप असेल तर रात्री आणखी मार खायला बसू नका. आणि या गेममध्ये पॉजचं साधं बटण नाही. मध्येच कुणी हाक मारली तर तुमचा योद्धा तिथेच उभा, आणि समोरचा काही थांबत नाही.

याच कुळातला नाइटरेन मे २०२५ मध्ये आला. तिघांनी मिळून खेळायचा, एक खेप साधारण पाऊण तासाची. वेळेचं गणित चोख बसतं, पण त्यात गोष्ट शोधायला जाऊ नका, आणि खरी मजा हवी तर ठरल्या वेळी हजर राहणारे दोन मित्र तेवढे पैदा करा.

आता एक्स्पिडिशन ३३. फ्रान्समधल्या सँडफॉल या नव्या स्टुडिओचा हा पहिलाच गेम. कल्पना अशी की दरवर्षी पेंट्रेस नावाची एक शक्ती दूरच्या प्रचंड शिळेवर एक आकडा रंगवते, आणि त्या वयाची सगळी माणसं धुरासारखी, पाकळ्यांसारखी विरून जातात. आकडा दरवर्षी एकाने उतरतो. गेम सुरू होतो तो ३४ चा ३३ होण्याच्या दिवशी. नायक गुस्ताव आपल्या जुन्या प्रेयसीबरोबर शहरातून चालत बंदराकडे जातो. रस्त्यात लोक एकमेकांचा निरोप घेत असतात, कुणी आपलं सामान देऊन टाकत असतं. तिचं वय तुम्हाला कुणी सांगत नाही, पण पाचव्या मिनिटाला तुम्हाला कळलेलं असतं. लढाई अजून सुरूही झालेली नसते आणि तुम्ही त्या गेमचे झालेले असता.

लढायाही वेगळ्या आहेत. पाळीपाळीनेच, पण शत्रूची पाळी असताना स्वस्थ बसता येत नाही. त्याचा वार येतो त्या क्षणी बटण दाबून चुकवायचा किंवा पॅरी करायचा, म्हणजे अचूक वेळी अडवायचा. पॅरी जमली तर उलटा फटका त्यालाच बसतो, पण तिची वेळ फार अरुंद आहे. आधी नुसतं चुकवायला शिका, कान उघडे ठेवा, बरेच वार आवाजावरून ओळखता येतात. मुख्य कथा तीसेक तासांत उरकते, म्हणजे रोज तास धरला तर महिन्याभराचं काम. माझी तक्रार एकच: गुहा-जंगलांत छोटा नकाशा नाही. रात्री अकराला मी एकाच वळणावर चौथ्यांदा येऊन पोचले होते.

ऑब्लिव्हियनबद्दल मी निःपक्षपाती नाही हे आधीच कबूल करते. माणसांचे चेहरे आजही थोडे विचित्रच, लोकांची मर्जी संपादायची तर एका चक्रावर स्तुती, विनोद, बढाई आणि धमकी यांची पाळी लावायची, आणि समोरच्याच्या तोंडावर दर सेकंदाला भाव बदलत राहतात. हसून पुरेवाट. शत्रू तुमच्याबरोबर ताकदवान होत जातात ही जुनी खोडही पूर्ण गेलेली नाही. पण तासाभराच्या माणसासाठी याच्या साइड क्वेस्टइतकी, म्हणजे मुख्य कथेबाहेरच्या छोट्या कामगिरीइतकी, बेताची गोष्ट क्वचित मिळेल. एक चित्रकार बेपत्ता आहे, खोली आतून बंद. बायको तुम्हाला आत सोडते तर तिथे फक्त एक अर्धवट चित्र. चित्राला हात लावलात की तुम्ही आत! झाडं ब्रशच्या फटकाऱ्यांची, आकाश रंगाचं, आणि अंगावर येणारे ट्रोलसुद्धा रंगवलेले. चित्रकार आतच अडकलेला, तो तुमच्या हातात टर्पेंटाइन ठेवतो: तलवारीला लावा, रंग विरघळतो. चाळीस मिनिटांत गोष्ट सुरू होऊन संपते, आणि तुम्ही समाधानाने झोपायला जाता.

बाकीचं भराभर. जपानी ढंग चालत असेल तर मेटाफर: रेफँटाझिओ (ऑक्टोबर २०२४) बघा. राजाचा खून होतो आणि गादीसाठी चक्क निवडणूक लागते. गेम आतल्या कॅलेंडरवर दिवसादिवसाने चालतो, त्यामुळे 'आज दोन दिवस खेळले' म्हणून उठता येतं. संवाद मात्र भरपूर. अव्हाउडमध्ये एका हातात जादूची छडी आणि दुसऱ्या हातात पिस्तूल धरता येतं, लढायला मजा येते, गोष्ट मला तरी आठवत नाही. कुणीतरी तुम्हाला किंगडम कम २ सुचवेलच. उत्तम आहे, पण ते १४०३ सालचं, युरोपातलं खरंखुरं बोहेमिया आहे, जादूचा मागमूस नाही.

तर तुमच्या जागी मी असते तर आधी एक्स्पिडिशन ३३ घेतला असता, कारण तो संपतो, आणि अर्ध्यावर सोडलेल्या गेमचं ओझं असलेल्या माणसाला एक गेम संपवलेला असणं फार गरजेचं असतं. तो झाला की ऑब्लिव्हियन कायमचा ठेवून द्या, जमेल तेव्हा एक क्वेस्ट. बाल्डर्स गेट मोठ्या सुट्टीसाठी.

आणि विचर ३चा जुना सेव्ह पुसू नका. चौथ्या भागाचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२४ मध्ये आला, त्यात नायिका तिसऱ्या भागातलीच सिरी आहे, त्यामुळे बरेच जण सध्या तिसऱ्याकडे परत वळतायत. सेव्ह लोड होत असताना नायकाचा कवी मित्र डँडेलियन आतापर्यंतची गोष्ट थोडक्यात सांगतो, तेव्हा ते ऐका, बटण दाबून पुढे जाऊ नका. परतल्यावर लगेच मुख्य कथेला हात घालू नका, बोटं सगळं विसरलेली असतील. जवळच्या गावातल्या फलकावरून तुमच्या लेव्हलच्या खालचं एखादं राक्षस मारायचं कंत्राट उचला, क्वेन (जादूची ढाल) कधी टाकायचं आणि कधी लोळण घ्यायची हे त्यात आठवेल. पहिल्या रात्री तेवढंच करा.