काळवंडणे आणि झाकोळणे

प्रश्न : आमची रत्नागिरीजवळ हापूसची बाग आहे. गावाच्या अंकासाठी लिहिताना मी ‘तुडतुड्यांमुळे कलमांची पाने झाकोळली’ असे वाक्य लिहिले, तर मुलीने तिथे ‘काळवंडली’ असा बदल केला. दोन्ही क्रियापदांचा अर्थ काळे होणे हाच ना? आणि ‘तुडतुडे पाने काळवंडतात’ असे लिहिले तर चालेल का? — एक बागायतदार

उत्तर : आपल्या मुलीने केलेला बदल योग्य आहे. झाकोळणे म्हणजे काहीतरी आड आल्यामुळे उजेड कमी होणे. मृगाच्या तोंडावर समुद्राकडून ढग चढले की आभाळ झाकोळते, आणि ढग सरकले की पुन्हा उजळते. थोरल्याच्या कीर्तीने धाकट्याचे कर्तृत्व झाकोळते, काळवंडत नाही, तेही याच कारणाने.

काळवंडणे मात्र वस्तूच्या अंगावरच उमटते. नीरफणस चिरून ठेवला की हवा लागून फोडी काळवंडतात, म्हणून आपल्याकडे त्या लगेच पाण्यात टाकतात. उन्हात राबून चेहरा काळवंडतो, तसा तो वाईट बातमी ऐकूनही काळवंडतो. काळवंडलेले कायम तसेच राहते असेही नाही. काळवंडलेली पितळेची समई आमसुलाने घासली की त्यातल्या आम्लाने वरचा थर विरघळतो आणि ती लखलखते.

आपल्या पानांचे उदाहरण थोडे नाजूक आहे. तुडतुडे मोहोरातला आणि कोवळ्या पालवीतला रस शोषतात, त्यांच्या अंगातून मधासारखा चिकट द्राव पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. हा थर बोटाने चोळला तर खाली हिरवे पान दिसते, त्यामुळे आपल्याला ‘झाकोळली’ सुचणे स्वाभाविक आहे. तरीही इथे कमी झालेल्या उजेडाविषयी नव्हे, तर पालटलेल्या रंगाविषयी सांगायचे आहे, म्हणून ‘काळवंडली’ हेच नेमके.

‘तुडतुडे पाने काळवंडतात’ हे मात्र चालणार नाही, कारण काळवंडणे अकर्मक आहे. ‘धुराने भिंत काळवंडली’ या वाक्यात धूर हा कर्ता नसून कारण आहे. वर्तमानकाळात आपण ‘धुराने भिंत काळवंडते’ असे म्हणतो, ‘धूर भिंत काळवंडतो’ असे कोणीही म्हणत नाही. झाकोळणे मात्र दोन्ही प्रकारे चालते : आभाळ झाकोळते आणि ढग सूर्याला झाकोळतात. तेव्हा ‘तुडतुड्यांच्या चिकट द्रावावर बुरशी धरल्याने कलमांची पाने काळवंडली’ असे वाक्य आपण लिहावे.