इटलीत सगळीकडे एकाच प्रकारचं सॉसेज मिळतं का?

अजिबात नाही! बहुतेक सॉसेज डुकराच्या मांसाचे, पण दर प्रांताची चव निराळी. उत्तरेकडचं लुगानेगा बारीक आणि लांबच लांब, वेटोळं घालून ठेवलेलं. टस्कनीच्या फिनोकिओनात बडीशेप. पिएमोंतेतल्या ब्रा गावचं वासराच्या मांसाचं, ते चक्क कच्चं खातात. मोदेनाच्या कोतेकिनोत मांसाबरोबर डुकराची कातडीही दळून घालतात. मंद आचेवर बराच वेळ शिजवलं की मऊ, चिकटसर होतं. नववर्षाला ते मसुराबरोबर हवंच.

पण खरी कमाल कालाब्रियातल्या स्पिलिंगा गावच्या न्दुयाची. लाल मिरची सढळ हाताने आणि चरबी इतकी, की मुरल्यावरही घट्ट होत नाही. गरम पावावर लोण्यासारखं पसरतं. तिखट आवडत असेल तर सुरुवात इथूनच करा.