बॅलेच्या बारवरचा टर्नआउट : वाचकांचे प्रश्न

टर्नआउट म्हणजे पाय खुब्यातून बाहेर वळवणं, आणि बार म्हणजे सरावाला धरायचा आडवा दांडा.

फर्स्ट पोझिशनमध्ये (टाचा जुळलेल्या, चवडे बाहेर) माझी पावलं एका रेषेत येत नाहीत. रोज थोडी थोडी उघडत गेले तर १८० अंश जमतील का?

नुसत्या खुब्यातून १८० अंश फारच थोड्यांना मिळतात. मांडीच्या हाडाची मान किती पुढे वळली आहे, खुब्याची खोबण किती खोल आहे आणि तिचं तोंड कुठे आहे, यावर मर्यादा ठरते आणि मोठेपणी ती ताणून बदलत नाही. वाढवता येते ती धरून ठेवण्याची ताकद. सांध्यात जेवढी फिरत आहे तेवढीही बहुतेक जणी वापरत नाहीत, म्हणून सुधारणेला जागा भरपूर असते.

आधी आपला खरा कोन शोधा. पावलं समांतर, गुडघे सरळ, बारवर बोटं नुसती टेकलेली. भार टाचांवर घ्या, चवडे जरासे उचला, मांड्या खुब्यातून बाहेर फिरवा आणि चवडे खाली ठेवा. पावलं जिथे उतरली तो तुमचा आजचा फर्स्ट. आता डेमी-प्लिए करा, म्हणजे टाचा न उचलता गुडघे अर्धे वाकवा. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिली पाहिजे. ती अंगठ्याच्या आत घसरली, तर पावलं थोडी मिटून घ्या.

क्लासनंतर गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं. टर्नआउटमुळे असेल का?

दाट शक्यता आहे. प्लिएत वाकून पावलं जास्त उघडायची आणि तशीच ठेवून गुडघे सरळ करायचे, ही सवय आहे का पाहा. गुडघा वाकलेला असताना नडगी थोडी बाहेर फिरते, सरळ होताना ही मोकळीक संपते. पाऊल जमिनीला घट्ट, मांडी मागेच राहिलेली. मग पीळ गुडघ्यात बसतो आणि आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) ताणलं जातं. सोबत तळव्याची कमानही खाली बसते. टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ या तिन्हींवर भार राहील इतकंच उघडा. सूज असेल किंवा जिना उतरताना दुखत असेल, तर बार थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा.

रोज पोटावर झोपून बेडकासारखे पाय पसरते, मैत्रीण वरून दाबते. तरी बारवर फरक नाही.

ते दाबणं आजच थांबवा, सांध्याला इजा होऊ शकते. शिवाय त्या स्थितीत खुबा वाकलेला असतो, बारवर तो सरळ असतो. सरळ खुब्यात पुढचं जाड लिगामेंट ताठ होऊन फिरत अडवतं, म्हणून जमिनीवरचा कोन उभं राहिल्यावर मिळत नाही.

ताणण्याऐवजी नितंबांच्या मोठ्या स्नायूखालचे सहा छोटे स्नायू कामाला लावा. पाठीवर झोपा, पाय लांब. मांड्या बाहेर फिरवा, ५ सेकंद धरा, सावकाश समांतर आणा. अशा १० वेळा, २ फेऱ्या, आठवड्यातून तीन-चार दिवस. नितंब आणि मांडी जिथे मिळतात तिथे बोटं ठेवा : आत खोल पकड जाणवली पाहिजे, नितंब दगडासारखे आवळले जाता कामा नयेत. आवळले की पेल्व्हिस (कमरेचा हाडांचा भाग) खाली दुमडतो आणि पाय हलवायला जड होतो.

कंबर थोडी मागे काढली की टर्नआउट वाढतो. चालेल?

नाही. पेल्व्हिस पुढे झुकला की खुब्याच्या पुढचं तेच लिगामेंट सैल पडतं, म्हणून चार अंश जास्त दिसतात. किंमत पाठीचा खालचा भाग मोजतो, आणि पोटाची पकडही सुटते.

तांदूमध्ये (पाय जमिनीवरून सरकवत लांब करताना) कामाचा पाय नीट राहतो, उभा पाय मात्र आत वळतो.

हा दोष नेमका पकडलात. लक्ष सगळं पुढे जाणाऱ्या पायावर असतं आणि खरी मेहनत उभ्या पायाची असते. पुढच्या तांदूत जाताना टाच आधी पुढे, परत येताना बोटं आधी मागे. मात्र हे करताना उभ्या बाजूचा खुबा क्षणभरही सोडू नका. ८ तांदूंपैकी पाचव्याला बारवरचा हात उचला. पाऊल तिथेच आत सरकलं, तर तेवढा टर्नआउट तुम्ही बारकडून उसना घेत होता. काही आठवडे फिफ्थऐवजी (टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांपाशी) थर्ड पोझिशनमधून (टाच दुसऱ्या पावलाच्या मध्याशी) करा, आणि हात उचलूनही पाऊल हललं नाही की मगच फिफ्थकडे जा.