आतड्यातले जिवाणू आणि पांढऱ्या पेशींची तयारी

जिवाणू आतड्यात, पांढऱ्या पेशी रक्तात. मग संबंध येतो कुठे?

जिवाणू बहुतेक जागेवरच असतात, पण त्यांचे तुकडे फिरतात. जिवाणूंच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकॅन नावाचा पदार्थ असतो. त्याचे बारीक कण आतड्याच्या अस्तरातून रक्तात झिरपतात आणि थेट हाडांतल्या मज्जेपर्यंत पोचतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथेच तयार होतात, आणि त्यांच्यातलं नॉड-१ हे प्रथिन ते कण ओळखतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, जिवाणूंशिवाय वाढवलेल्या उंदरांचे न्यूट्रोफिल न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा जंतू मारण्यात कमी पडले. नॉड-१ला जागं करणारा कण बाहेरून दिल्यावर मात्र सुधारले. जंतू शिरण्याआधीच ही तयारी झालेली असते, हे मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. शिवाय न्यूट्रोफिल फार दिवस जगत नाही. रोज नव्या पेशी येतात, त्यामुळे खबरही रोजच पोचावी लागते.

अँटिबायोटिकने प्रतिकारशक्ती कमी होते का?

सरसकट नाही. २०१९च्या एका छोट्या अभ्यासात निरोगी माणसांना अँटिबायोटिक देऊन फ्लूची लस टोचली. ज्यांच्या शरीराला फ्लूची ओळख आधीपासून होती, त्यांना फारसा फरक पडला नाही. ज्यांची ती ओळख कमी होती, त्यांच्यात काही प्रतिपिंडं कमी तयार झाली. साध्या सर्दीला गोळ्या मागू नका. डॉक्टरांनी विचार करून दिल्या असतील तर घाबरून सोडूही नका.

नातू महिन्याचा आहे. त्याला प्रोबायोटिकचे, म्हणजे उपयोगी जिवाणूंचे, थेंब द्यावेत का?

मनाने नकोत. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जिवाणूचा एक ठरावीक वाण आणि त्याचं खाद्य सात दिवस दिल्यावर सेप्सिस (संसर्गामुळे जिवावर बेतणारा आजार) आणि मृत्यू मिळून सुमारे ४० टक्के घटले. निकाल मोठाच आहे; पण तो त्या वाणाचा, दुकानातल्या कुठल्याही बाटलीचा नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना तर अशा जिवाणूंमुळेच संसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत. अंगावरचं दूध चालू ठेवा.

‘इम्युनिटी वाढवणारी’ कॅप्सूल घेऊ का?

वाढवायची कशाला? दमा, ॲलर्जी हे प्रतिकारशक्तीच्या अतिउत्साहाचेच आजार. तिला आवर घालणाऱ्या टी-पेशी (याही पांढऱ्या पेशीच) घडायला जिवाणूंनी अन्नातल्या तंतूंपासून बनवलेलं ब्युटिरेट नावाचं द्रव्य मदत करतं, निदान उंदरांत तरी. ते तंतू ज्वारीत, मटकीत, पालेभाजीत आहेत. अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू उलट उशिरा परतले, असं २०१८च्या एका अभ्यासात दिसलं.