लाइट गेली की फोनही मुका

प्रश्न : दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मोबाइलला रेंज नाही, म्हणून फायबरवरचा फोन घेतला. लाइट गेली की तोही बंद. मार्चमध्ये ‘काढून टाका’ सांगितलं, माणूस ‘हो’ म्हणाला, तरी बिल येतंच आहे. सासऱ्यांना दमा आहे, रात्री दवाखान्यात फोन लागलाच पाहिजे. दुसऱ्या कंपनीचाही असाच बंद पडेल का?

उत्तर : पडेल, ताई. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजकडून यायची. हा फायबरवरचा फोन घरच्या विजेवर चालणाऱ्या राउटरमधून चालतो. राउटरला छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर वीज देणारी बॅटरी, लावा. सासऱ्यांसाठी हे याच आठवड्यात करा.

बिलाचं म्हणाल तर तोंडी ‘हो’वर विसंबू नका, त्याचा पुरावा उरत नाही. कस्टमर केअरला तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नंबर, वहीत लिहा, बंद करण्याचा अर्ज ईमेलनेही पाठवा. नुसता ऑटोपे थांबवला तर थकबाकी चढत जाते. दाद मिळाली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. ते अपील मोफत असतं. ट्राय, म्हणजे फोन कंपन्यांवर नियमन करणारी सरकारी संस्था, एकेकट्याची तक्रार सोडवत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला. तरीही नाहीच ऐकलं, तर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग आहे; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.